जाड, गोल टोकांचा भौमितिक डिस्प्ले फॉन्ट: पहिल्या 'ओ'पासून छपाईपर्यंत

वर्तुळ, सरळ रेघ आणि गोल टोकं. एवढ्याच सामानावर डिस्प्ले, म्हणजे मथळ्यांसारख्या मोठ्या आकारात वापरायचा, फॉन्ट उभा करायचा म्हटलं की काम सोपं वाटतं. वर्तुळ काढलं, स्ट्रोक जाड केला, टोकं गोल केली की झालं! मग अशी जुळवलेली अक्षरं शेजारीशेजारी ठेवून बघावीत. काही काळीकुट्ट दिसतात, काही उगाच बुटकी वाटतात आणि इंग्रजी स्मॉल 'ई'चं तोंड मिटलेलं असतं. जाडी वाढली की अक्षराच्या आतली पांढरी जागा आकसते आणि वाचणारा अक्षर ओळखतो ते बऱ्याच अंशी या पांढऱ्यावरूनच. पातळ फॉन्टमध्ये पांढरं मुबलक असतं, त्यामुळे थोडं चुकलं तरी खपून जातं. जाड फॉन्टमध्ये ते मोजूनमापून खर्च करावं लागतं. पुढच्या बहुतेक पायऱ्या म्हणजे या पांढऱ्याचा हिशेब आहे.

लेखातले आकडे १००० युनिटच्या चौकटीसाठी आहेत. फॉन्ट कितीही मोठा छापला तरी त्या आकाराचे १००० भाग पाडायचे आणि सगळी मापं त्यात मोजायची. आकडे सुरुवातीसाठी धरा, नंतर नजरेला पटेल तसे हलवा.

आधी चार फॉन्ट उघडून बघा

हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये बाउहाउस या जर्मन कलाशाळेत मांडलेली 'युनिव्हर्सल' वर्णमाला जवळपास कंपास आणि पट्टीने काढलेली होती आणि त्यात फक्त स्मॉल अक्षरं होती. पॉल रेनरचा फ्युचुरा १९२७ मध्ये आला. तोही निव्वळ भूमितीतून उतरल्यासारखा दिसतो, पण मोठा करून पाहा: गोलाई दंडाला मिळते तिथे रेघ बारीक होत जाते. भौमितिक दिसणं आणि भौमितिक असणं यातला फरक समजायला फ्युचुराच्या बोल्ड वजनाइतका (वजन म्हणजे फॉन्टची जाडी) चांगला नमुना नाही. हर्ब लुबालिन आणि टॉम कार्नेस यांचा आयटीसी अव्हांत गार्द गॉथिक १९७० चा. गोल टोकांच्या घराण्यात फोक्सवॅगनसाठी तयार झालेला व्हीएजी राउंडेड १९७९ चा, जो पुढे अनेक वर्षं ॲपलच्या कीबोर्डवर होता.

हे फॉन्ट बघून शिकायचं. ओपन फॉन्ट लायसन्स या मुक्त परवान्याखालचे मात्र सरळ संपादकात, म्हणजे फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडून नोड (रेघ ठरवणारे बिंदू) मोजता येतात. फ्रेडोका, नुनिटो, देवनागरीसह येणारा, 'एक टाइप' या संस्थेचा बालू २ आणि इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हे चार उतरवून घ्या. पॉपिन्सची टोकं गोल नाहीत, पण भौमितिक लॅटिनशेजारी देवनागरी कशी बसवली हे त्यात नीट दिसतं.

गोल टोकं नुसती लाडिक दिसण्यासाठी आलेली नाहीत. राउटर या कोरकामाच्या यंत्राचं फिरतं पातं लाकडात किंवा पत्र्यात रेघ कोरतं तेव्हा तिचं टोक आपोआप गोल येतं आणि जाडी पात्याइतकीच राहते. निऑनची नळी वाकवतानाही टोकदार कोपरा निघत नाही. या दोन कामांतली जुनी अक्षरं पाहिली की कुठली वळणं या शैलीला साजतात ते कळतं.

पायरी १: चौकट ठरवा

संपादकांपैकी ग्लिफ्स फक्त मॅकवर चालतं, फॉन्टलॅब मॅक आणि विंडोज दोन्हींवर, फॉन्टफोर्ज मोफत आहे आणि लिनक्सवरही चालतं. नवख्याने फॉन्टफोर्जपासून सुरुवात करायला हरकत नाही, फक्त त्याचा जुनाट चेहरामोहरा सहन करावा लागतो.

नवीन फाइलमध्ये बेसलाइनपासून, म्हणजे अक्षरं ज्या रेघेवर बसतात तिच्यापासून, ही मापं भरा: कॅपिटलची उंची ७००, स्मॉल अक्षरांची उंची ५४०, वर जाणारे दंड ७४०, खाली उतरणारे उणे १९०. स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या मानाने उंच ठेवली आहेत, कारण जाड फॉन्टमध्ये आतली पोकळी वाचवायला उंचीच कामी येते. स्मॉल अक्षरांचा उभा दंड १८०, कॅपिटलचा १९०. कॅपिटलचा दंड आणि उंची यांचं प्रमाण साधारण एकास पावणेचार ठेवलं की फॉन्ट भरभक्कम दिसतो आणि हाताबाहेरही जात नाही. साधारण एकास तीनपर्यंत नेता येतं, पण मग 'ई', 'ए', 'एस' आणि आकडा ८ यांच्यासाठी बऱ्याच क्लृप्त्या लढवाव्या लागतात. पहिल्या फॉन्टला तो मोह टाळावा.

आडव्या रेघा उभ्यापेक्षा १२ ते १५ टक्के बारीक हव्यात. दोन्ही सारख्या ठेवल्या तर आडवी रेघ डोळ्याला जास्त जाड दिसते. म्हणून उभा दंड १८० असेल तर आडवी रेघ १५५ ते १५८ धरा. गोलाईची सगळ्यात जाड जागा दंडापेक्षा थोडी जास्त, म्हणजे १८८ च्या आसपास.

पायरी २: 'ओ' आणि 'एन'

पूर्ण फॉन्ट या दोन अक्षरांत असतो. ती जमेपर्यंत तिसऱ्याला हात लावू नका.

स्मॉल 'ओ' बेसलाइनच्या खाली १२ आणि ५४० च्या वर १२ युनिट जायला हवा. गोल आकार रेघेला एकाच बिंदूत टेकतो आणि त्यामुळे आखूड दिसतो, म्हणून ही वाढ. एकूण उंची झाली ५६४. रुंदी ५८० घ्या. आता आतली पोकळी काढू. बाजूची जाडी १८८ दोन्हीकडून वजा केली की रुंदी उरते २०४. वर-खाली प्रत्येकी १५८ वजा केली की उंची उरते २४८. म्हणजे बाहेरून जवळपास वर्तुळ, आतून उभा लंबगोल. नवख्याच्या 'ओ'मध्ये हमखास उलटं होतं: आतही कंपासचं वर्तुळ बसवलेलं असतं, आणि मग अक्षर वर-खाली सुजल्यासारखं दिसतं.

वक्राचे नोड चारच ठेवा: सर्वात वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे. हँडल, म्हणजे नोडमधून निघणारे वक्राला वळण देणारे दांडे, पूर्ण आडवी किंवा उभी. अचूक वर्तुळासाठी हँडलची लांबी त्रिज्येच्या ०.५५२३ पट असते. इथे आडवी त्रिज्या २९० आहे, म्हणून आडवं हँडल १६० आणि उभं साधारण १५६. हेच गुणोत्तर ०.५८ ते ०.६० वर नेलं की खांदे किंचित भरतात आणि आकार चौकोनाकडे झुकतो. पोकळीला हा भरीवपणा बाहेरच्या रेघेपेक्षा थोडा जास्त द्यावा. तेवढ्याने पांढरं वाढतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

'एन'मध्ये खरी कसोटी सांध्याची. १८० चे दोन दंड, मधे १७० ची पोकळी, एकूण ५३० रुंदी. कमान वरती १५० जाड. ती डाव्या दंडाला तेवढ्याच जाडीने चिकटवली तर तिथे काळा डाग जमतो. म्हणून सांध्यापाशी कमान १०० ते १०५ पर्यंत बारीक करा आणि आतली खाच दंडाच्या बाजूला जरा वर खोल न्या. ही खाच गोल करायची नाही. बाहेरचे कोपरे गोल आहेत म्हणून आतलेही गोल हवेत असा समज असतो, पण गोल खाच म्हणजे सांध्यात आणखी काळं भरणं. टोकदार ठेवा, किंवा फार तर ८ ते १० युनिटची त्रिज्या द्या.

इथे थांबून 'एन' आणि 'ओ' आलटून पालटून टाइप करा आणि डोळे बारीक करून बघा. करडेपणा सारखा दिसला पाहिजे. 'ओ' काळा वाटला तर बाजूची जाडी ४ युनिट कमी करा, 'एन' काळा वाटला तर पोकळी ६ ते ८ युनिट वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पायरी ३: टोकं

दोन पर्याय आहेत आणि फॉन्टचा स्वभाव यावरच ठरतो.

पहिला, पूर्ण अर्धवर्तुळ. दंड १८० म्हणजे त्रिज्या ९०, हँडल ५०. दिसायला खेळकर, फुगीर. असा दंड बेसलाइनला एकाच बिंदूत टेकतो, त्यामुळे 'ओ'सारखाच आखूड वाटतो. त्याला खाली ८ युनिट उतरवा, वर मोकळं टोक असेल तर तिकडेही ८ चढवा. ही गोष्ट सहसा राहून जाते आणि मग 'ओ' कितीही नीट काढला तरी ओळ डगमगते.

दुसरा, मऊ कोपरा. दोन्ही बाजूंना ६० ची त्रिज्या, मधे ६० ची सपाट पट्टी. हे टोक बेसलाइनवर घट्ट बसतं, ठळक मथळ्यांना जास्त स्थिर दिसतं आणि आखूडपणाची भरपाई २ ते ३ युनिटवर भागते.

दोन्हींत एक दोष सारखाच येतो: सरळ रेघ संपून वक्र सुरू होतो तिथे बारीकसा उंचवटा दिसतो. गणिताने तो तिथे नसतो, पण वक्रता एकदम शून्यावरून वर जाते आणि नजर अडते. त्यावर उपाय म्हणजे वक्र जरा आधी सुरू करणं. ९० रुंद आणि ९० उंच ऐवजी ९० रुंद आणि ११० उंच, आणि उभं हँडल थोडं लांब. ७२ पॉइंटच्या वरच्या वापरात हा फरक सहज दिसतो.

मध्यरेषा काढून स्ट्रोक फुगवण्याची सोय सगळ्या संपादकांत आहे आणि कच्च्या आराखड्याला ती चांगली आहे. पक्क्या कामाला नाही. फुगवलेल्या रेघेत नको तिथे नोड येतात, टोकाच्या बिंदूंवर नोड नसतात आणि सांधे बारीक होत नाहीत. आराखडा फुगवून घ्या, मागच्या थरात ठेवा आणि त्यावर स्वच्छ नोडने पुन्हा काढा. वेळ वाचवायला गेलात तर तोच वेळ पुढे नोड साफ करण्यात जातो.

पायरी ४: 'ई', 'ए', 'एस'

स्मॉल 'ई'चा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. उंची ५६४. वरची कमान, मधली आडवी रेघ, खालची कमान, अशा तीन रेघा. प्रत्येकी १५८ धरली तर ४७४ संपले, उरले ९०. त्यात वरचा डोळा आणि खालचं उघडं तोंड, म्हणजे वाट्याला ४५-४५. २४ पॉइंटला ४५ युनिट म्हणजे ०.३८ मिलिमीटर, १२ पॉइंटला ०.१९. शाई थोडी पसरली की तोंड बंद आणि 'ई'चा 'ओ' झाला.

म्हणून इथे जाडीत काटछाट अटळ आहे. वरची कमान १३६, मधली रेघ १०४, खालची कमान १४०. बेरीज ३८०, उरले १८४. त्यातले ९६ डोळ्याला, ८८ तोंडाला. तोंडाला कमी दिलं तरी चालतं, कारण ते एका बाजूने उघडं असतं आणि खालच्या रेघेचं टोक गोल असल्याने तिथे आणखी जागा मिळते. मधली रेघ १०४ म्हणजे दंडाच्या निम्म्याहून थोडीच जास्त. एकटी बघितली तर किरकोळ वाटते, पण शब्दात बसली की कुणाला खटकत नाही.

'ए'साठी एकमजली रूप घ्या, म्हणजे गोल आणि शेजारी दंड. तीन आडव्या रेघांची कटकटच जाते आणि भौमितिक शैलीला ते शोभतंही. फक्त 'ओ'पेक्षा वेगळं दिसायला दंडाचं वरचं टोक गोलाईच्या बाहेर स्पष्ट डोकावलं पाहिजे. दुमजली 'ए' मथळ्यात जास्त ओळखू येतो हे खरं, पण १८० च्या दंडाला तो झेपवणं नवख्याचं काम नव्हे.

'एस' दोन वर्तुळं एकावर एक ठेवून बनत नाही, कितीही वाटलं तरी. मधला तिरका कणा सगळ्यात जाड, टोकांकडे रेघ बारीक, आणि वरचा भाग खालच्यापेक्षा ४ ते ६ टक्के लहान. तपासायचं असेल तर अक्षर उलटं फिरवा. उलटा 'एस' डोक्यावर जड दिसला तर सुलटा बरोबर आहे. आकडे ८ आणि ३ यांनाही हाच नियम.

पायरी ५: बाकीची अक्षरं

इथे कामाला वेग येतो. 'एन'वरून 'एच', 'एम', 'यू', 'आर', आणि 'ओ'वरून 'सी', 'डी', 'बी', 'पी', 'क्यू'. 'एम'चे तीन दंड १८० ने बसत नाहीत, ते १६५ ते १७० करा आणि पोकळ्या १४० पर्यंत आवळा.

तिरक्या रेघा उभ्या दंडाच्या ९२ ते ९५ टक्के ठेवा. कॅपिटल 'ए'ची आडवी रेघ शक्य तेवढी खाली ओढा, कारण वरच्या त्रिकोणी पोकळीला निदान ६० युनिट उंची हवी. 'डब्ल्यू' जितका रुंद वाटतो त्याहून रुंदच लागतो, त्याच्याशी कंजुषी करू नका.

कॅपिटल 'आय' आणि स्मॉल 'एल' या शैलीत दोन्ही औषधाच्या कॅप्सूलसारखे दिसतात. 'एल'ला खाली उजवीकडे छोटी शेपटी द्या आणि आकडा १ ला वर ठळक नाक. शून्य कॅपिटल 'ओ'पेक्षा बरंच अरुंद हवं. स्मॉल 'आय'वरचा ठिपका दंडापेक्षा मोठा काढा: दंड १८० असेल तर व्यास २०० ते २०५. दंडाएवढाच ठेवला तर तो लहान दिसतो, गोल असल्यामुळे. तोच ठिपका पूर्णविरामाला चालतो.

पायरी ६: अक्षरांमधलं अंतर

जाड फॉन्टमध्ये दोन अक्षरांमधली जागा अक्षराच्या आतल्या पोकळीपेक्षा कमी हवी, नाहीतर शब्द सुटासुटा दिसतो. 'एन'ची पोकळी १७० असेल तर दोन 'एन'मधलं अंतर ११० ते ११५. म्हणजे 'एन'च्या डाव्या बाजूला ५८, उजवीकडे ५४, कारण उजवा खांदा गोल आहे. 'ओ'ला दोन्हीकडे २८. गोल टोकांमुळे बेसलाइनपाशी दंडांच्या दोन्ही बाजूंना पांढरे कोपरे उरतात. त्यामुळे चौकोनी टोकांच्या फॉन्टमधली मापं उचलून आणली तर इथे ती सैल वाटतील.

आधी 'एन-एन-ओ-एन-ओ-ओ' ही ओळ जुळवा, मग कॅपिटल 'एच' आणि 'ओ' घेऊन तशीच दुसरी. बाकीची अक्षरं या दोन ओळींमध्ये एकेक करून घाला. शब्दांमधली मोकळी जागा २०० ते २२०.

कर्निंग, म्हणजे ठरावीक जोड्यांमधलं अंतर वेगळं जुळवणं, सगळ्यात शेवटी. कर्निंगच्या जोड्या ढीगभर होऊ लागल्या तर मूळ अंतरच चुकलेलं असतं. सारख्या कडांच्या अक्षरांचे गट करा आणि गटांना कर्निंग द्या. 'ए-व्ही', 'टी-ओ', 'एल-टी', 'वाय-ए' या जोड्या पहिल्या घ्या.

देवनागरी जोडायची असेल तर

हे काम लॅटिनच्या शेवटी उरकण्याचं नाही. इंग्रजीचा कामापुरता संच मोकळ्या जागेसह ९५ चिन्हांत होतो. देवनागरीत जोडाक्षरं धरली की ग्लिफ, म्हणजे काढायचे आकार, शेकड्यांनी वाढतात आणि प्रत्येकात गर्दी असते.

शिरोरेषेची वरची कड स्मॉल अक्षरांच्या आणि कॅपिटलच्या उंचीच्या मधे, ६५० च्या आसपास बसते. शिरोरेषा १३० जाड ठेवली तर खाली ५२० उरतात, आणि त्यात 'ई', 'ह', 'झ', 'क्ष' बसवायचे. म्हणून देवनागरीचा दंड लॅटिनपेक्षा थोडा बारीक, १६० ते १६५ घ्या. ओळीत दोन्ही लिप्या शेजारी आल्या की वजन सारखंच दिसतं, कारण देवनागरीत रेघा दाट असतात. 'म', 'भ', 'न' यांच्या गाठीत पोकळी ठेवायचा अट्टहास नको. अर्धवट उघडी गाठ छपाईत डागासारखी दिसते, त्यापेक्षा सरळ भरीव करा. मात्रा, वेलांटी आणि रफार ११० ते १२० जाडीत, अनुस्वाराचा ठिपका १५० ते १६०.

गोल टोकांची खरी अडचण शिरोरेषेत येते. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचं टोक गोल केलं तर शब्दभर दर सांध्यावर वर-खाली खाचा दिसतात. शब्दाच्या मधे शिरोरेषा सपाट कापलेली आणि शेजारच्या अक्षरावर १० ते २० युनिट चढलेली हवी. गोल टोक फक्त शब्दाच्या सुरुवातीला आणि शेवटी. त्यासाठी गोल टोकांची पर्यायी ग्लिफ करून ओपनटाइप या फॉन्ट-स्वरूपातल्या, शेजारची अक्षरं बघून ग्लिफ बदलणाऱ्या नियमात टाकावी लागतात. एवढं जमणार नसेल तर शिरोरेषा सगळीकडे सपाट ठेवा आणि गोलाई दंडांच्या खालच्या टोकांना द्या. दिसायला हा मार्गही वाईट नाही.

मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' स्थानिक रूपं म्हणून मराठी भाषेच्या नियमात जोडा. 'कैऱ्या', 'ऱ्हास' यांतला अर्धा 'र', 'ॲप'मधला 'ॲ', आणि 'ळ' ही चिन्हं हिंदीपुरत्या केलेल्या फॉन्टमध्ये राहून गेलेली असू शकतात. तपासायला 'उद्ध्वस्त', 'द्वंद्व', 'षट्कोन', 'वैशिष्ट्यपूर्ण', 'कर्तृत्व', 'सर्वांमध्ये' हे शब्द टाइप करा. रफार आणि अनुस्वार एकत्र येतात तिथे टक्कर हमखास होते.

तपासणी आणि फाइल काढणं

तेच वाक्य ७२, ३६, १८ आणि १२ पॉइंटमध्ये कागदावर छापा. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं अक्षर फसवतं. १२ ला 'ई' मिटला तर फॉन्ट बिघडला असं नाही, तो १२ साठी नाहीच. पण १८ ला मिटला तर पायरी ४ वर परत जा.

रेघांची दिशा तपासा. पोस्टस्क्रिप्ट वक्रांत (सहसा ओटीएफ फाइल) बाहेरची रेघ घड्याळाच्या उलट आणि आतली घड्याळाच्या दिशेने, ट्रूटाइपमध्ये (टीटीएफ फाइल) बरोबर याच्या विरुद्ध. आतली आणि बाहेरची रेघ एकाच दिशेने फिरली तर पोकळी भरून येते आणि 'ओ'चा ठिपका होतो. एकावर एक चढलेले आकार जोडून घ्या, दशांशातले नोड पूर्णांकावर आणा. नंतर व्हेरिएबल, म्हणजे एकाच फाइलमध्ये अनेक वजनं देणारा, फॉन्ट करायचा विचार असेल तर मात्र जोडण्याआधीची फाइल जपून ठेवा. तिथे सगळ्या वजनांत नोडची संख्या आणि क्रम सारखा लागतो.

वजनाचा आकडा भरायला विसरू नका: बोल्ड ७००, एक्स्ट्राबोल्ड ८००, ब्लॅक ९००. छपाई आणि डेस्कटॉपला ओटीएफ किंवा टीटीएफ, वेबला वॉफ २.

ओपन फॉन्ट लायसन्सखालच्या कुठल्याही फॉन्टवरून काही उचललं असेल तर तुमचा फॉन्टही त्याच लायसन्सखाली द्यावा लागतो, तो फॉन्ट नुसता विकता येत नाही, आणि मूळ फॉन्टचं नाव राखीव असेल तर ते वापरता येत नाही.

वापरताना

मथळा, बोधचिन्ह, वेष्टन, पोस्टर, खेळणी, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, ॲपमधलं मोठं बटण. थोडे शब्द, मोठा आकार, ही याची जागा. परिच्छेद यात लावू नका. दोन ओळींच्या पुढे सगळा मजकूर सारखाच ओरडायला लागतो आणि मथळ्याचा जोर जातो. शोकसंदेश किंवा कायदेशीर सूचना यांत हा फॉन्ट विसंगत वाटतो, हे सांगायला नको, तरी दिसतं अधूनमधून.

सोबतचा मजकुराचा फॉन्ट शांत आणि साध्या टोकांचा निवडा. दोन्ही गोल टोकांचे घेतले तर फरक फक्त जाडीचा उरतो आणि पान गुळमुळीत दिसतं.

मोठ्या आकारात, म्हणजे ६० पॉइंटच्या पुढे, लॅटिन अक्षरांतलं अंतर १ ते २ टक्के कमी करा. २० च्या खाली उतरावंच लागलं तर १ ते ३ टक्के वाढवा. ओळींमधलं अंतर लॅटिनला १०० ते ११० टक्के पुरतं, देवनागरीला मात्रा आणि उकारांमुळे १२५ ते १३० लागतं. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर मात्र मुळीच बदलू नका. वाढवलं की शिरोरेषा तुटते, कमी केलं की अक्षरं एकमेकांत घुसतात.

माध्यम कोणतंही असो, एक हिशेब आधी करा. पॉइंटला ०.३५३ ने गुणलं की आकार मिलिमीटरमध्ये मिळतो. त्याला सगळ्यात अरुंद फटीच्या युनिटने गुणून १००० ने भागा. आपल्या 'ई'चं तोंड ८८ आहे, तर ४८ पॉइंटला ते साधारण १.५ मिलिमीटर होतं. ०.४ मिलिमीटरच्या नोझलने त्रिमितीय छपाई करताना ही फट टिकते, १२ पॉइंटला उरलेली ०.३७ टिकणार नाही. व्हिनाइल कापताना गोल टोकं फायद्याची, कारण कोपरे उचकटत नाहीत. पण सांध्यातल्या खोल खाचांमध्ये पातं अडकतं, त्या कामासाठी खाच थोडी भरलेली वेगळी आवृत्ती ठेवावी.

पडद्यावर गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं फुगून दिसतात आणि पोकळ्या बुजल्यासारख्या वाटतात. एक वजन खाली घ्या किंवा अंतर किंचित वाढवा. रंगांचा फरक मोठ्या ठळक अक्षरांना निदान तीनास एक हवा, अशी वेबच्या सुलभतेच्या नियमांची अपेक्षा आहे. पिवळ्यावर पांढरं लावणाऱ्यांनी हे आधी मोजून बघावं.

वेबवर एक चूक वारंवार दिसते. फाइल एक्स्ट्राबोल्डची असते, पण वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये वजन लिहिलेलं नसतं, म्हणून ब्राउझर ती ४०० ची समजतो. मथळ्याचा टॅग बोल्ड मागतो आणि ब्राउझर आधीच जाड असलेल्या अक्षराला कृत्रिम जाडी चढवतो. पोकळ्या बंद होतात आणि दोष फॉन्टच्या माथी येतो. फॉन्ट जोडतानाच वजन ८०० लिहा.

अक्षराला बाहेरून रेघ द्यायची तर ती बाहेरच्या बाजूलाच वाढेल असं बघा. मधोमध बसणारी रेघ अर्धी आत शिरते आणि कष्टाने वाचवलेलं पांढरं खाऊन टाकते. देवनागरी शब्दाला रेघ किंवा अर्धपारदर्शक रंग दिला की शिरोरेषेचे एकमेकांवर चढलेले तुकडे उघडे पडतात, दर सांध्यावर गडद पट्टी दिसते. अशा वेळी मजकूर आउटलाइनमध्ये बदलून सगळे आकार एकत्र जोडा आणि मग रेघ द्या. त्याआधी टाइप केलेला मजकूर तसाच असलेली प्रत वेगळ्या थरात लपवून ठेवा, कारण ऱ्हस्व-दीर्घाची चूक मुद्रणप्रतीतच सापडते.